जुन्या फोनात मावलेलं नाटक

आक्कानं मिशी चिकटवली, हातातल्या आरशात तोंड वळवून वळवून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, आमचा अण्णा दिसालोय की मी!"

शाळेच्या वर्गात तयार होत असलेल्या आम्ही सगळ्या बायका हसून हसून बाकांवर कोसळलो. आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. अण्णा तिच्या पाठचा भाऊ, माझे थोरले दीर. आमच्या बेळगुंदी गावातल्या शाळेच्या पटांगणात त्या दुपारी आम्ही जे नाटक करणार होतो, त्यात आक्काचं काम होतं भावाचं. बहिणीला गाडीत घालून सब-रजिस्टर ऑफिसात नेणारा, वाटेत तिला भारीतली साडी घेऊन देणारा आणि वडिलांच्या जमिनीवरचा तिचा हक्क एका सहीनं सोडवून घेणारा भाऊ.

ही गोष्ट आक्काला कुठून आणावी लागली नाही. माझे सासरे, म्हणजे आक्काचे वडील, गेल्यावर थोड्याच दिवसांत दोघा भावांनी तिला असंच बेळगावला नेलं होतं. मी तेव्हा या घरात आलेही नव्हते. आधी साडी, मग हॉटेलात जेवण, मग कागद. कागद कानडीत होता. आक्का रोज सकाळच्या बसनं भाजी घेऊन बेळगावच्या मार्केटात जाणारी बाई. गिऱ्हाइकाशी कानडीत अशी भांडते की समोरचा शेवटी पिशवी उघडून गप्प उभा राहतो. पण कानडी वाचायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. "कुठं करू सही?" एवढंच तिनं विचारलं. घरी आल्यावर शेजारणीनं साडीच्या काठावर हात फिरवत विचारलं, "कशाबद्दल घेतली गं?" आणि उत्तर द्यायला तोंड उघडल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण काय करून आलो.

ती ओरडली नाही. नवरा लवकर गेलेला, सासर गावातच, वाट्याला एक खोली. ज्या वावरात ती लहानपणी रताळ्यांचे वेल उलथत फिरली, त्याच वावरातली रताळी ती आता भावांकडून विकत घेऊन बाजारात बसत होती. आणि रस्त्याकडेच्या त्या वावराचा भाव बेळगाव शहर जसजसं जवळ येत होतं तसतसा वाढत होता.

नाटकाची कल्पना भजनी मंडळात निघाली. यात्रेला आमच्या गावात पुरुषांचं नाटक होतं: स्टेज, पडदे, बेळगावहून आणलेला साउंड. बायकांनी स्टेज मागितलं तर यात्रा कमिटीनं सांगितलं, की शाळेत दुपारी हळदीकुंकू ठेवलंय, त्यात काय ते करा. आम्ही म्हटलं, करतो. लिहिणारी कुणी नव्हती. आक्का बोलत गेली, इतरांनी आपापल्या सह्यांच्या गोष्टी त्यात घातल्या, आणि मी ते बेळगावच्या ज्या कॉलेजच्या ऑफिसात कामाला आहे तिथं जेवणाच्या सुट्टीत टाइप केलं. आमच्याकडं बायकाही 'मी आलो', 'मी गेलतो' असंच बोलतात. त्यामुळे पुरुषाचं काम करताना आक्काला क्रियापद बदलायचीही गरज पडली नाही. धोतराचा सोगा तेवढा धरायला शिकावं लागलं.

त्या दुपारी ती पटांगणात चालत आली ती थेट अण्णांसारखी. पुढं झुकून, एक हात मागं, दर दोन वाक्यांनी घसा साफ करत. बहिणीला म्हणाली, "सही कर गं. माहेर तुझंच हाय. जमीन माझी." बायकांत असा हशा उठला की पुढची चार वाक्यं कुणाला ऐकूच आली नाहीत. ते हसू मध्येच कुठं तरी बंद झालं. शेवटी बहीण नवी साडी नेसून एकटीच बांधावर बसते तिथं कुणी हसलं नाही. मी एका बाकावर उभी राहून सगळं माझ्या फोनवर घेत होते. तो फोन मी नुकताच घेतला होता, माझ्या पगारातून.

पण गावातल्या निम्म्याहून जास्त बायका त्या दुपारी तिथं नव्हत्या. रताळी काढायचे दिवस होते, काही रानात होत्या, काहींना घरातून सोडलं नव्हतं. त्यांनी व्हिडीओ मागितला. मी तो गावच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या पुरुषांनी बघितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो ग्रुपवरून काढून टाकलेला होता. ग्रुप कमिटीच्या हातात होता. खाली एक ओळ लिहिली होती: गावच्या अब्रूला शोभत नाही.

म्हणजे ज्यांच्याबद्दल नाटक होतं त्यांनी ते पाहिलं, आणि ज्यांच्यासाठी होतं त्यांनी नाही. मला त्या ओळीचा राग आला, पण त्याहून जास्त राग या हिशेबाचा आला. मी फाइल पेन ड्राईव्हवर घेतली आणि शेजारच्या घरात गेले. तिथं पाच-सहा जणी टीव्हीसमोर बसल्या होत्या, कुणी शेंगा फोडत, कुणी नातवाला मांडीवर घेऊन. पेन ड्राईव्ह लावला. आक्काचा आवाज आला: "सही कर गं." टीव्ही मात्र काळाच. पुढची दोन मिनिटं आम्ही काळ्या काचेकडं बघत आवाज ऐकला. मग काचेवर इंग्रजीत एक ओळ उमटली, की हा प्रकार या टीव्हीला चालत नाही.

"आमच्याच टीव्हीला काय झालं गं?" घरमालकीण म्हणाली.

दुसरं घर, तोच प्रकार. तिसऱ्या घरी तर आवाजही नाही. बायकांच्या हातातले फोन बघितले तर बहुतेक बटणांचे, नाहीतर घरातल्या मुलानं नवा घेतल्यावर आईकडं आलेले, काच तडकलेले. एकाही फोनवर माझा व्हिडीओ उघडेना. गावातले नवे फोन आणि भिंतभर मोठे टीव्ही कुणाच्या हातात होते हे मी तोवर कधी मोजूनमापून पाहिलं नव्हतं. ते माझ्या समोर आपोआप उभं राहिलं.

हे मी घरी बोलून दाखवलं तेव्हा थोरले दीर आमच्या पुढच्या सोप्यात बसले होते. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून आहे. ते म्हणाले, "जग पुढं चाललंय. जे मागं राहिल्यात त्यांच्यासाठी कुणी थांबत न्हाय. नवीन फोन घ्या म्हणावं त्यांना."

मी म्हटलं, "भावजी, त्यांनी घ्यायचं म्हटलं तर तुम्ही घेऊ द्याल काय?"

ते घसा साफ करून उठले आणि निघून गेले.

मग मी ठरवलं. बायकांना नव्या फोनापर्यंत नेता येत नसेल तर नाटक त्यांच्या जुन्या फोनापर्यंत आणायचं. कॉम्प्युटर मला येतो तो ऑफिसापुरता: फी, हजेरी, दाखले. व्हिडीओचं काही कळत नव्हतं. पहिल्यांदा मी नुसतं फाइलचं नाव बदललं, शेवटची अक्षरं पुसून जुन्या प्रकाराची लिहिली. नाव बदललं, पोटातलं तेच राहिलं. टीव्ही काळाच. मग वाचून वाचून एवढं समजलं, की नवा फोन जागा वाचवायला चित्राची फार घट्ट घडी घालून ठेवतो आणि ती घडी कशी उलगडायची हे जुन्या टीव्हीला कुणी शिकवलेलंच नसतं. त्याच्या ओळखीची जुनी, सैल घडी घालून दिली की तो निमूट चालतो. हे काम करणारं फुकटातलं सॉफ्टवेअर मिळालं. कॉलेजनं भंगारात काढलेला एक लॅपटॉप मी मागं घेतला होता, त्याच्यावर ते टाकलं.

रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत लॅपटॉप ठेवून मी फाइल बदलायला लावायची. तो इतका तापायचा आणि त्याचा पंखा असा घरघरायचा की माझा नवरा म्हणायचा, "भात शिजतोय की नाटक?" भाकऱ्या होत आल्या तरी निम्मंही झालेलं नसायचं. पहिली फाइल टीव्हीवर लागली, पण सगळी माणसं आडवी फुगली. आक्का दाराएवढी रुंद. ती स्वतः बघायला आली होती, म्हणाली, "मी येवढी खातो व्हय गं?" दुसऱ्या फाइलमध्ये चित्र बरोबर, पण आवाज मागं. आक्काचं तोंड मिटायचं आणि मग वाक्य यायचं. तिसरी नीट लागली, पण एकाच टीव्हीवर. त्याच्याहून जुन्या टीव्हीला त्याहून जुना प्रकार हवा होता.

मी सोडलं नाही. हट्ट म्हणा. प्रत्येक काळ्या काचेसमोर मला ग्रुपवरची ती ओळ आठवायची. ज्या घरात लागत नाही त्या घरचा टीव्ही किती जुना हे बघून यायचं आणि पुढच्या रविवारी त्याच्यासाठी नवी फाइल करायची. नवी म्हणजे आणखी जुनी.

बटणांच्या फोनाचं काम सगळ्यात अवघड निघालं. त्यांची काच काडेपेटीएवढी. त्यांच्यासाठी व्हिडीओ अगदी लहान करावा लागतो. केला तर माणसांच्या मुंग्या झाल्या. आक्का कुठली आणि बहीण कुठली कळेना. तेव्हा मी सगळं पटांगण, मागची शाळा, कडेला बसलेल्या बायका असं कापून टाकलं आणि जो बोलतोय त्याचं तोंड तेवढं ठेवलं. वाक्यागणिक कापायचं, जोडायचं. डोळे दुखून यायचे. पण ते झाल्यावर आक्काच्या तळहातातल्या फोनवर आक्काचं मिशीवालं तोंड काचभर दिसलं, डोळ्यांतली मिश्किली सुद्धा. ती हसत हसत बघत राहिली. मग हसायची थांबली. बांधावरचा प्रसंग आला होता. ती म्हणाली, "हे मी बघितलंच नव्हतं गं. मी मिशी लावून आत उभा होतो नव्हं."

बायका आपली मेमरी कार्डं घेऊन येऊ लागल्या. नखाएवढं कार्ड रुमालाच्या गाठीत, नाहीतर पानाच्या डबीत. कॉलेजवरून आले की स्कूटरपाशीच कुणी तरी उभी असायची. आणि एक दिवस मागच्या दारानं माझी जाऊ आली, थोरल्या दिरांची बायको. निपाणीची, फार कमी बोलणारी. घरात दिरांसमोर ती मान वर करून बोललेली मी ऐकली नव्हती. तिनं आपला बटणांचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मलाबी घाल. त्यांना सांगू नको."

"बघितलंय तुम्ही?"

"आवाज ऐकलाय. भिंतीपलीकडनं रोज येतोय की. आता तोंड बघू दे."

कमिटीचे एक वयस्क गृहस्थ आमच्या घरी आले ते त्यानंतर. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. सभ्य माणूस, आवाज चढवून बोलत नाहीत. चहा घेतला, पावसापाण्याचं विचारलं, मग म्हणाले, "सूनबाई, तो व्हिडीओ आता बंद करा."

"बंदच आहे की आप्पा. ग्रुपवरनं तुम्ही काढला, मी परत टाकला नाही."

"ग्रुपवर न्हाय, पण घराघरात वाटालाय नव्हं."

"ग्रुप तुमचा. घरं त्यांची."

त्यांनी कप बशीत ठेवला. "गावात भांडणं लागतील अशानं. बहिणी भावांवर उठतील. आतापर्यंत सगळं गोडीत चाललंय."

"गोडीत चाललंय ते त्या गप्प बसल्यात म्हणून, आप्पा. त्यांना नुसतं बघू दे तर. बघून कुणाला काय वाटेल ते वाटेल."

"तुमच्याच घराची बदनामी व्हालीय, कळतंय काय तुम्हाला? सगळ्यांना ठावं हाय मिशी कुणाची ती."

हे मात्र खरं होतं. ज्या जमिनीच्या पिकावर माझ्या घरचं पोतं भरत होतं, तिच्यावरच मी बोट ठेवत होते. माझा नवरा तिथंच दारात उभा होता. तो उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला जातो, शेतीचं सगळं थोरला भाऊ बघतो. त्या पूर्ण काळात त्यानं मला एकदाही 'थांब' म्हटलं नव्हतं आणि 'कर' असंही म्हटलं नव्हतं. आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "चहा आणखी घेताय काय आप्पा?" ते नको म्हणाले आणि गेले.

पुढच्या रविवारी दुपारी मी आमच्याच सोप्यात नाटक लावलं. चोरून कशाला? आक्का आली, जाऊ आली, गल्लीतल्या पंधरा-वीस जणी आल्या. सोपा भरला, काही उंबऱ्यावर बसल्या. टीव्ही जुना असला तरी चित्र स्वच्छ लागलं. सब-रजिस्टर ऑफिसाचा प्रसंग चालू होता. आक्का घसा साफ करत होती, बायका हसत होत्या, आणि थोरले दीर आत आले.

त्यांनी टीव्हीकडं पाहिलं. स्वतःला पाहिलं असणार. ते बायकांतून वाट काढत गेले आणि टीव्हीच्या मागचा पेन ड्राईव्ह उपटला. काच काळी झाली.

"उठा," ते म्हणाले. "आपापल्या घरी जावा."

कुणी उठलं नाही. मला वाटलं आता एकेक बाई पदर सावरून उठेल. तेवढ्यात उंबऱ्यावरच्या एका म्हातारीनं कमरेची पिशवी सोडून फोन काढला, बटणं दाबली आणि आक्काचा आवाज आला: "माहेर तुझंच हाय." मग दुसरीनं काढला. मग तिसरीनं. सगळ्यांची सुरुवात वेगळी, त्यामुळे एकीच्या फोनात भाऊ गाडीचं दार उघडत होता, दुसरीच्या फोनात साडी पसंत करत होता, तिसरीच्या फोनात "सही कर गं" म्हणत होता. सोप्याच्या सगळ्या कोपऱ्यांतून आक्का बोलत होती. आणि भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या जावेनं मान वर केली, नवऱ्याकडं नीट बघितलं आणि आपला फोन चालू केला.

दीर पेन ड्राईव्ह मुठीत धरून उभे होते. आता उपटायचं तरी काय काय?

ते आक्काकडं वळले. "आक्का, तू हसत सही केलतीस. आम्ही काय हात धरून केली काय तुझी?"

आक्का बसल्या जागीच होती. ती म्हणाली, "व्हय, हसत केली. साडी चांगली होती. भाऊ बोलवालेत म्हणून मला आनंद झालता." मग तिनं शेजारणीच्या हातातला फोन हळूच खाली केला. एकेक करत सगळे फोन बंद झाले. "मला आता जमीन नको रं अण्णा. मी काय करू ती घेऊन? माझी लेक गोव्यात, तिला हिकडं यायचं न्हाय. पण तू चारचौघांत सांगतोस की आक्कानं राजीखुशीनं दिली. ते सांगू नको. मी दिली न्हाय. तुम्ही घेतली. घेतली म्हण, एवढंच."

"मी कशाला म्हणू?"

"म्हणू नको. मग ह्या बायका नाटक बघणार."

दीर बाहेर जायला वळले तेव्हा माझा नवरा दारात होता. कधीपासून उभा होता ठाऊक नाही. त्यानं वाट सोडली नाही. भावाकडं न बघता तो बहिणीकडं बघत म्हणाला, "व्हय आक्का. घेतली आम्ही. गाडी मीच चालवत होतो."

आक्का रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं मान हलवली, भाजीचा भाव एकदाचा पटल्यावर हलवते तशी, आणि मला म्हणाली, "लाव गं पुढचं. ह्या बायकांना घरी जाऊन सैपाक करायचाय."

पेन ड्राईव्ह दीर घेऊन गेले होते. मी दुसरा लावला.

त्यानंतर दीर माझ्याशी बोलत नाहीत. अजूनही नाही. मधली भिंत त्यांनी वाढवली, त्यावर नवं प्लास्टर केलं. नवऱ्यानं मात्र पुढच्या लागणीला आपल्या वाट्यातलं एक वावर आक्काला कसायला दिलं. त्यातली रताळी ती आता विकत घेत नाही. जमीन अजून भावांच्याच नावावर आहे. बाकी कागदावर काही बदललं नाही, आणि ते बदललं असं मी कुणाला सांगतही नाही. पण गावातल्या एका घरातून लग्न झालेल्या लेकीला सहीला न्यायला गाडी आली होती, तेव्हा ती उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "कागद घरी ठेवून जावा. वाचून घेतो, मग सांगतो." गाडी रिकामी परत गेली. त्या मुलीकडं व्हिडीओ कुणी पोचवला ते मला माहीत नाही. मी नाही पोचवला. बायकाच आता एकमेकींच्या कार्डावर घालून देतात.

एका सुट्टीच्या दिवशी जाऊ म्हणाली, "माझ्या माहेरी येतीस?" दिरांना तिनं काय सांगितलं मी विचारलं नाही. आम्ही दोघी निपाणीला गेलो. तिची आई आणि शेजारच्या बायका एका सोप्यात बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीनं पान कातरायचं, वळायचं, दोरा बांधायचा. समोर एक डब्यासारखा जाडजूड टीव्ही आणि त्याच्याखाली सीडी लावायचं यंत्र. पेन ड्राईव्हला जागाच नव्हती. जावेनं हे आधीच सांगितलं होतं, म्हणून मी बेळगावात दुकानं पालथी घालून कोऱ्या सीड्या मिळवल्या होत्या आणि अगदी जुन्यात जुन्या प्रकारात नाटक त्यावर उतरवलं होतं. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, हे आता कोण वापरतंय?" मी म्हटलं होतं, "वापरणारे आहेत. तुम्हाला दिसत नाहीत एवढंच."

सीडी लागली. रंग जरा फिके होते. बायका हसत होत्या, पण हात थांबत नव्हते; कात्र्या चालूच. साडीचा प्रसंग आला तेव्हा जावेची आई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "हिच्याकडनं आम्ही घरावर सही घेतली तशीच. पोराच्या नावावर करायला." जाऊ म्हणाली, "व्हय आई. मलाबी साडी घेतलती." एवढंच झालं. दोघीही पुढं बघू लागल्या. निघताना आईनं ती सीडी परत दिली नाही, यंत्रातच ठेवली.

परतीच्या बसमध्ये मी संकेश्वरला उतरले. जाऊ पुढं बेळगावला गेली. संकेश्वर माझं माहेर. माझा भाऊ तिथं ऊस करतो, चांगला माणूस आहे, माझ्या आजारपणात रात्रंदिवस दवाखान्यात बसला होता. वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि त्याचा फोन येऊन गेला होता, की एकदा ये, थोडं ऑफिसचं काम उरकून टाकू. अंगणात पाय ठेवला तसा तो म्हणाला, "आलीस? बरं झालं. उद्या जाऊन येऊ."

"मी सही करणार नाही," मी उभ्या उभ्याच म्हटलं. बसून बोलले असते तर कदाचित बोलता आलं नसतं.

तो गोंधळला. "का गं? मी काय कमी केलं तुझं?"

"काहीच कमी केलं नाहीस. ऊस तू कर, पीक तू घे, मी एक शब्द विचारणार नाही. पण उताऱ्यावर माझं नाव राहू दे. बापाचं ते माझंही आहे एवढं कागदाला ठाऊक असू दे."

त्याची बायको आतून ऐकत होती. ती बाहेर आली, तिनं माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि तिथंच उभी राहिली. भाऊ उसाच्या बाजूला बघत होता. मला त्याचा राग येत नव्हता, त्याच्यासमोर वाईटही वाटत होतं, पण शब्द मागं घ्यावेत असं एकदाही वाटलं नाही.

शेवटी तो म्हणाला, "जेवून जातीस नव्हं?"

"जेवायलाच आलोय," मी म्हटलं.